सर्पदंशावरच्या औषधाचा पहिला डोस गावाजवळच मिळायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांत एक वाक्य ठरलेले असते : 'पुढील उपचारासाठी नेत असताना वाटेतच मृत्यू.' यातले बरेच मृत्यू टळू शकतात. ते टाळण्याची जागा जिल्हा रुग्णालय नाही, गावापासून सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. प्रतिविषाचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाचा, पहिला डोस तिथे दिल्याशिवाय विषबाधेचा रुग्ण पुढे पाठवू नये, एवढी एकच गोष्ट काटेकोरपणे पाळली जावी, यासाठी हे पत्र.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. ही माणसे कोण असतात? भातलावणीला वाकलेली, गवत कापणारी, सोयाबीनची गंजी उपसणारी, रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारी, उसाच्या फडाशेजारी कोपीत जमिनीवर झोपणारी. शहरात ज्याला साप चावतो त्याच्या जवळपास अतिदक्षता विभाग असतो. इथे आधी गाडी शोधावी लागते, मग घाट उतरावा लागतो, आणि तोवर घोणसाच्या विषाने रक्त गोठायचे थांबलेले असते.

प्रतिविष केंद्रात नसतेच, असे लोकांना वाटते. कधी तसे असतेही. पण कपाटात कुप्या असूनही रुग्ण तसाच पुढे पाठवला जातो, हे जास्त घडते. त्याचे कारण भीती. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी येते : अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रात्री एकटा डॉक्टर, एक परिचारिका, बाहेर पन्नास माणसे जमलेली. अशा वेळी पुढे पाठवण्याची चिठ्ठी लिहून देणे सोपे वाटते. वास्तविक या प्रतिक्रियेवरचा उपाय केंद्रातच असतो. प्रतिविषाचे ठिबक (सलाइन) थांबवायचे, मोठ्या माणसाला ॲड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यायचे, रुग्ण सावरला की ठिबक पुन्हा हळू सुरू करायचे. ॲड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेले असावे. कुपी फोडायला धावाधाव झाली की मिनिटे जातात. त्वचेवर चाचणीचा डोस टोचून पाहण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. तिने प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही, फक्त वेळ जातो.

प्रतिविष प्रत्येकाला द्यायचे नसते, हेही तितकेच खरे. बिनविषारी साप चावलेले असतात, विषारी साप चावूनही विष न उतरलेले असतात. बिनविषारी कवड्याला मण्यार समजले जाते आणि बिनविषारी दुरक्या घोणस पाहून 'घोणस चावली' असा निरोप येतो. म्हणून निर्णय सापावर नव्हे, लक्षणांवर घ्यायचा. नातेवाइकांनी साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. त्यात दुसऱ्याला दंश होतो.

रक्त गोठते की नाही हे पाहण्याची चाचणी फुकट म्हणावी इतकी स्वस्त आहे. शिरेतले २ मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, नळी २० मिनिटे अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त पातळ राहिले तर विषबाधा आहे. इथे चुका होतात त्या नळीमुळे. काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही २० मिनिटांत न गोठलेले दिसू शकते. साबणाने धुतलेली काचेची नळीही अशीच फसवते. दर दोन मिनिटांनी नळी हलवून पाहिली तर निकालाला अर्थ उरत नाही. हल्ली बहुतेक नळ्या प्लास्टिकच्या येतात, त्यामुळे साध्या काचेच्या नळ्या वेगळ्या मागवून ठेवाव्या लागतात, आणि नेमके तेच कुणाच्या यादीत नसते. पहिली चाचणी ठीक आली तरी रुग्णाला घरी सोडू नये. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढे दर तासाने ती पुन्हा करावी आणि रुग्णाला २४ तास ठेवून घ्यावे.

लक्षणे दिसली की सुरुवातीला ८ ते १० कुप्या. भुकटीच्या प्रत्येक कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती हाताने हळूहळू फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो. दहा कुप्या विरघळवायला वेळ लागतो, म्हणून दोघांनी मिळून हे काम करावे, मग सगळे सलाइनमध्ये मिसळून साधारण तासाभरात द्यावे. मुलाला डोस कमी करायचा नसतो. साप लहान मुलाला कमी विष टोचत नाही. कमी करायचे असते ते सलाइनचे पाणी. गरोदर बाईलाही तोच डोस.

मण्यारीची गोष्ट वेगळी आहे. ती रात्री अंथरुणात चावते, वेदना नसते, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते पित्त झाले. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील तर मण्यारच समजून चालावे. रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगावे. दर वेळी आकडा खाली येत असेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. नागाच्या विषबाधेत ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम आणि निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम या औषधांनी बरेचदा फरक पडतो, मण्यारीच्या विषबाधेत फारसा पडत नाही. तिथे जीव वाचवतो तो श्वास. व्हेंटिलेटर नसला तरी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत रुग्णाला तास-दोन तासांच्या अंतरावर जिवंत नेता येते. मात्र रुग्णवाहिकेत बॅग दाबणारा शिकलेला माणूस हवा. नुसता चालक आणि रडणारे नातेवाईक असतील तर ही वाट पार होत नाही.

एक मर्यादा सांगायला हवी. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरच चालते. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याच्या दंशावर त्याचा उपयोग नाही. तिथे कुप्या रित्या करू नयेत. शिवाय यासाठी लागणारे बरेचसे विष तमिळनाडूतल्या सापांचे असते आणि प्रदेशागणिक विष बदलते. म्हणून पहिल्या डोसनंतर सहा तासांनी रक्ताची चाचणी पुन्हा करून, गरज पडल्यास पुढचा डोस द्यावा लागतो. घोणसाच्या रुग्णाची लघवी कमी झाली तर डायलिसिस लागेल, त्याला वेळेत पुढे हलवावे. चिठ्ठीवर दंशाची वेळ, किती कुप्या दिल्या, किती वाजता दिल्या आणि चाचणीचे निकाल लिहिलेले नसतील तर पुढचा डॉक्टर सगळे पहिल्यापासून सुरू करतो.

केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे त्यात उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवण्यात आले. नोंद हवीच, कारण घरी किंवा भगताकडे झालेले मृत्यू आज मोजलेच जात नाहीत, आणि प्रतिविषाचे वाटप या आकड्यांवर ठरते. पण आराखडा आरोग्य केंद्राच्या दारापर्यंत पोहोचायचा तर आमच्या मागण्या साध्या आहेत. जून ते ऑक्टोबर प्रत्येक आरोग्य केंद्रात किमान २० कुप्या असाव्यात. म्हणजे एकाच रात्री दोन रुग्ण आले तरी दोघांना पहिला डोस मिळेल. जिल्हा रुग्णालयातील भिषकाचा (फिजिशियनचा) एक फोन रात्रभर चालू असावा. नियमाप्रमाणे प्रतिविष देऊन प्रतिक्रिया आली म्हणून डॉक्टरवर कारवाई होऊ नये. न देता रुग्ण पाठवला तर कारण लेखी मागावे.

यातले बरेच काही मुंबईची वाट न बघता होईल. काचेच्या नळ्या, अंबू बॅगचा लहान मुलांचा मास्क, ॲड्रेनॅलिन या वस्तू रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घेता येतात. समितीत आपले लोकप्रतिनिधी असतात. मे महिन्याच्या बैठकीत त्यांनी कपाट उघडायला लावून कुप्या मोजाव्यात, प्रत्येकीवरची मुदत वाचावी आणि आजचा साठा केंद्राच्या दर्शनी फलकावर लिहून घ्यावा.

आपले,
ग्रामीण आरोग्यसेवेतील काही वैद्यकीय अधिकारी व परिचारिका