लँडमास्टरचे पिस्टन मिळते, दिव्याची काच मिळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पार्टच मिळत नाहीत, म्हणून गाडी कबाड्याला दिली’ हे वाक्य वर्धा-यवतमाळकडच्या गावांत हमखास ऐकू येते. जुन्या वाड्यांच्या कोठ्यात कडब्यामागे उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या या एका वाक्यावर गेल्या. आमच्या धंद्यातला अनुभव उलटा आहे. लोक ज्याला घाबरतात ते इंजिन, ब्रेक, बेअरिंग यांचे काम निघते. काही मिळते, उरलेले बनवता येते. न मिळणाऱ्या वस्तू वेगळ्याच असतात आणि त्याच आपण आधी फेकतो.

उदाहरणाला हिंदुस्तान लँडमास्टर घेऊ. १९५४ मध्ये कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यातून आलेली ही गाडी म्हणजे विलायती मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू. विलायतेत त्या बॉडीत १४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये) इंजिन होते, आपल्याकडे मात्र आधीच्या हिंदुस्तान १४ चे १४७६ सीसीचे साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये) इंजिनच बसवले गेले. सुरुवातीच्या अॅम्बेसेडरलाही हेच होते. घोळ इथे होतो. दुकानात ‘जुन्या अॅम्बेसेडरचे पिस्टन’ मागितले की १४८९ चे मिळते. त्याचे बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८८.९; साइड व्हॉल्व्हचे बोअर ७३.५ आणि स्ट्रोक ८७. १४८९ चे वीस थाउ (इंचाचे वीस सहस्रांश) ओव्हरसाइज पिस्टन ७३.५३ च्या आसपास भरते, त्यामुळे ‘होनिंग करून (सिलिंडर आतून घासून) बसते की’ असे सांगून ते गळ्यात मारले जाते. व्यास जुळला म्हणून पिस्टन जुळत नाही. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची कमी पडली तर कॉम्प्रेशन जाते, जास्त झाली तर डोके हेडला आदळते.

म्हणून दुकानात गाडीचे नाव न सांगता मापे द्यावीत: बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे, गजन पिनचा व्यास, वर सांगितलेली उंची, प्रत्येक रिंगेची जाडी. ही मापे जुळणारे पिस्टन भलत्याच इंजिनाचेही निघू शकते. बोअर फारच खाल्ले असेल तर बिडाची स्लीव्ह (आतली नळी) घालून ते परत मूळ मापावर आणता येते. हेड गॅस्केट तयार मिळाले नाही तर जुन्याचा नमुना ठेवून तांब्याच्या पत्र्यातून कापून घ्यावे. बसवण्याआधी ते लालबुंद तापवून पाण्यात विझवायचे; तांबे मऊ पडल्याशिवाय ते दाबून बसत नाही.

जाम इंजिनाला ट्रॅक्टर लावून ओढण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. तिने जितकी इंजिने संपवली तितकी गंजानेही नसतील. रिंगा भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. टॉप गिअर टाकून ओढले की रिंगा मोडतात, भिंतीवर ओरखडे पडतात, कधी कनेक्टिंग रॉडही वाकतो. आधी जुने ऑइल काढावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचे पातळ तेल निम्मे-निम्मे ओतावे आणि आठ-दहा दिवस भिजू द्यावे. मग हँडलने थोडे पुढे, थोडे मागे. तरीही हलले नाही तर हेड उतरवावे. साइड व्हॉल्व्हचे हेड म्हणजे एक झाकण, ते उतरवणे सोपे.

आट्यांकडेही लक्ष हवे. या गाड्यांवर इंची आटे असतात, तेही एकाच जातीचे नसतात. अडीच सुताच्या, म्हणजे ५/१६ इंची बोल्टला यूएनएफ या अमेरिकन जातीत इंचाला २४ आटे, बीएसएफ या ब्रिटिश जातीत २२. गावातला फिटर त्या भोकात ८ मिमीचा बोल्ट लावतो. व्यासात फरक जेमतेम सहा शतांश मिलिमीटरचा, म्हणून दोन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्याला पाइप लावला की बिडाच्या ब्लॉकमधले आटे मरतात. थ्रेड गेज (आटे मोजायच्या पट्ट्या) स्वस्त असते, ते वापरावे.

बाकीचे थोडक्यात. बेअरिंगचा नंबर कडीवर कोरलेला असतो. यंत्रसामग्री विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. ब्रेकच्या रबरी वॉशरवर इंचातले माप असते. व्हील सिलिंडरला खड्डे पडले असतील तर नवे वॉशर टिकत नाहीत, आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह घालावी. ऑइल सील घेताना बाहेरचे माप बघा: ५०.८ मिमीच्या घरात ५० चे सील सैल पडते आणि तेल गळत राहते. बॅटरीची अधिक (+) बाजू बॉडीला असते, हे न बघता उलटी लावू नये.

पेट्रोलचे मात्र नवे दुखणे आहे. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. फ्युएल पंपाचा जुना पडदा आणि साधे रबरी पाइप त्यात फुगतात, मग चिरतात. पडदा आणि पाइप एफकेएम रबराचे घ्यावेत, लोक त्याला व्हायटन म्हणतात. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात अर्धी भरून ठेवलेली टाकी आतून सडते. गाडी उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी ठेवावी. एसयू बनावटीचे कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) असेल तर जेटचे नट किंचित खाली घ्यावे लागते, कारण या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते.

आता न मिळणाऱ्या वस्तू. दिव्यांच्या काचा, त्यांच्या कड्या, पुढची जाळी, बोनटवरची चिन्हे, दारांची हँडले, मीटर, चौकटीच्या चमकत्या पट्ट्या. लँडमास्टर आणि अॅम्बेसेडरचा सांगाडा एकाच वंशातला असल्यामुळे बॉडीचे काही भाग लावून बघता येतात, पण जाळी, बोनट आणि मागचे फेंडर वेगळे. हे लेथवर बनत नाही. आणि कबाडी गाडी घेतो तेव्हा पहिला हातोडा दिव्यावरच पडतो, कारण काचेला वजनात भाव नाही.

यातल्या कड्या आणि हँडले बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. त्यांच्यावर पांढरे फोड आले म्हणजे धातू आतून उमलतो आहे. अशी वस्तू पितळेची समजून प्लेटिंगवाल्याने आम्लाच्या हौदात सोडली तर तासाभरात तिची चाळण होते. ‘हे जस्त आहे, आधी तांब्याचा थर’ हे सांगूनच द्यावी. एक तुटकी का होईना, पण पूर्ण आकाराची वस्तू हाती असेल तर तिचा साचा घेऊन पितळेत ओतता येते. नमुनाच नसेल तर कारागीर काही करू शकत नाही. म्हणून तुटकेही ठेवा.

नागपुरात काम भागले नाही तर मुंबईचे ऑपेरा हाऊस, दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचे मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट ही ठिकाणे आहेत. फोटो पाठवताना वस्तूशेजारी पट्टी ठेवावी आणि मागची बाजूही दाखवावी. नंबर बहुधा तिथेच ओतलेला असतो. पैसे वस्तू हातात आल्यावर.

कागदांचे एक सांगायलाच हवे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षे चालते, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी चालवता येत नाही. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. परवडते म्हणून डिझेल इंजिन बसवलेली गाडी त्यामुळे अडचणीत येते. मूळ इंजिन विकले नसेल तर ते जपावे. आणखी एक: विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्याआधीच्या गाडीचा मूळ नंबर तिथल्या मालिकेतला असू शकतो. तो विचित्र दिसतो म्हणून नोंदणीचे जुने पुस्तक रद्दीत घालू नये.

आपल्याला विनंती एवढीच, की जिल्हा आवृत्तीच्या छोट्या जाहिरातींत आठवड्यातून एकदा ‘जुन्या गाड्यांचे पार्ट’ असे सदर अल्प दरात द्यावे. मजकूर दोन ओळींचा पुरे: गाडी, साल, वस्तू, डावी की उजवी, काच शाबूत की तडकलेली, गाव.

आपले,
जुन्या गाड्यांचे काम करणारे काही मिस्त्री
आर्वी-पुलगाव, जि. वर्धा