आईचा ओटा

नेरूळ

प्रिय सुमे,

आम्ही बरे आहोत. आईचं बीपी आटोक्यात आहे.

काल नव्या घरी आई पाटावर उभी राहून कुकर उतरवत होती आणि पाट फरशीवर सरकत होता. मी ओरडले, तर म्हणते, "अगं, मीच बुटकी, ओट्याला कशाला नावं ठेवतेस?" तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कुणीतरी ठरवलेलं माप, आणि खजील व्हायचं तिनं!

सिडकोच्या घरात बाबांनी गवंड्यासमोर तिला उभं केलं आणि कोपराखाली वीतभर सोडून ३० इंचांचा ओटा घालून घेतला. रीडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरनं सरसकट ३३ चा दिला. ट्रॉल्यांचे डबे ७२० मिलिमीटरचे, खाली १०० चे पाय, वर ग्रॅनाईट. त्यावर शेगडी, त्यावर कुकर. ४ फूट १० इंचांच्या बाईच्या खांद्याशी झाकण येतं गं.

तू वास्तुरचनाकार कॉर्बूझिएच्या मोड्युलॉरवरून, म्हणजे एका ठरावीक उंचीच्या माणसावरून घराची मापं काढायच्या त्याच्या पद्धतीवरून, किती भांडायचीस! त्याचा माणूस आधी १७५ सेंटीमीटरचा होता, मग १८३ चा झाला. आपल्या हॉस्टेलात एवढा उंच फक्त वॉचमन होता, आणि त्याचा डबा घरून यायचा! मी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज वसाहतीचं टुमणं लावायचे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी तिथे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सामाईक भिंती ठेवल्या नाहीत, म्हणून ज्याला हवं तसं घर वाढवता आलं. तू म्हणायचीस, प्रत्येकाचं माप घेत बसलं तर घरं बांधून कधी होणार? बरोबर आहे. दारं, खिडक्या, ८ बाय ४ चं प्लाय, सगळं ठरल्या मापाचं असू दे, स्वस्त पडतं. पण ओट्याशी आई रोज तासन्‌तास उभी असते. तिथे तिच्याच कोपराचं माप हवं, यावरून मी आजही भांडेन.

दादा म्हणतो, फोडू नको, विकताना अडचण येईल. विकतंय कोण? आणि तोवर ती पाटावरच चढणार?

माझ्या मनात असं आहे: सिंक राहू दे, फक्त शेगडीकडचा भाग उतरवायचा. डब्यांचे पाय काढून खाली कडप्प्याची पट्टी, म्हणजे फरशी धुताना प्लाय फुगणार नाही. ३० इंचांत बसतं. पण गॅसची पाइप भिंतीत पक्की आहे, आणि दगड मधेच कापला तर पायरीच्या सांध्यात पाणी मुरेल का? नकाशा सोबत पाठवतेय. लाल पेन घे आणि बिनधास्त खोड.

पिल्लूचे दात आले का? सासूबाईंच्या गुडघ्याचं काय ठरलं? नवी नोकरी जमली ना? सविस्तर लिही, पण आधी ओट्याचं कळव. गवंडी सोमवारी येतोय.

तुझी,
वैजू