बंद पडलेल्या गेमची दुसरी खेळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत मोबाइल गेमवर जो लेख आला, त्यात जाता जाता एक वाक्य होतं: सेवा बंद झालेल्या गाचा गेमची ऑफलाइन आवृत्ती घेणं म्हणजे पडदा पडल्यावर नाटकाचं तिकीट काढणं. वाक्य चटकदार आहे, पण लिहिणाऱ्याने असा गेम ऑफलाइन खेळून पाहिलेला दिसत नाही. मी पाहिलाय, अजून खेळतेय, म्हणून हे पत्र.

माझं वय ५८. उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला. भाचीने एकदा फोनमध्ये गेम घालून दिला, "मावशी, पाच मिनिटांचा आहे," म्हणाली. तिने दोन महिन्यांत सोडला, मी चार वर्षं खेळले. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पत्राचा तक्रार अर्ज होईल आणि माझा मुद्दा तो नाही.

ज्यांना गाचा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जपानमध्ये नाणं टाकून मूठ फिरवली की खेळण्याची डबी बाहेर पडते अशी यंत्रं असतात, नाव तिथून आलं. डबीत काय निघेल ते आपल्या हाती नाही. मोबाइलमध्ये डबीच्या जागी पात्रं असतात आणि नाण्याच्या जागी हिरे. हिरे खेळून मिळतात, पण पुरत नाहीत. मग विकत घ्यायचे. मी सवयीप्रमाणे वही घातली होती. तारीख, किती हिरे गेले, कोण आलं. हवं ते पात्र येण्याची शक्यता १ टक्का. भाचीचं म्हणणं, शंभरदा ओढलं, म्हणजे सोडत काढली, की एक येणारच. तसं नसतं. न येण्याची ९९ टक्के शक्यता शंभर वेळा गुणत गेलात तर उत्तर साधारण ३७ टक्के येतं. म्हणजे शंभरदा ओढूनही शंभरातले ३७ जण कोरडेच राहतात. त्या ३७ जणांत मी दोनदा बसले, आणि गणित येत असूनही बसले. (जपानमध्ये याचाच एक फारच लबाड प्रकार, म्हणजे सोडतीत ठरावीक पात्रांचा संच जमला तरच मोठं बक्षीस, २०१२ मध्ये सरकारने बंद करायला लावला. साध्या सोडती मात्र चालूच राहिल्या.)

मग एक दिवस गेम बंद होत असल्याची सूचना आली. शेवटच्या रात्री मी बारापर्यंत जागी होते. बाराला काही घडलं नाही. पाच मिनिटांनी पात्रावर बोट ठेवलं तर करड्या चौकटीत एक ओळ: सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, पुन्हा प्रयत्न करा. मी वेड्यासारखा तीनदा केला.

अशा गेममध्ये आपल्या फोनवर असतात ती फक्त चित्रं आणि आवाज. माझ्याकडे कोण आहे, किती हिरे उरले, सोडतीत काय निघालं, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. तो बंद झाला की फोनमध्ये उरतं ते रिकामं कपाट. म्हणून ऑफलाइन आवृत्ती म्हणजे नुसतं नेट तोडणं नव्हे. सर्व्हर करत होता ती कामं फोनमधल्या गेमला नव्याने शिकवावी लागतात. ज्या गेमची कमाई आटलीय त्यावर हा खर्च कोण करणार? 'ड्रॅगालिया लॉस्ट' नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला, 'निअर रीइन्कार्नेशन' एप्रिल २०२४ मध्ये. दोघांनाही ऑफलाइन जन्म मिळाला नाही. माझ्या गेमला मिळाला: एकदाच पैसे भरायचे, पुढे हिऱ्यांची दुकानदारी नाही.

पहिल्या संध्याकाळी मी काय केलं असेल? चार वर्षं हुलकावणी दिलेलं पात्र घेतलं. ते आता काही लढाया जिंकल्या की मिळतं. वीस मिनिटं लागली. गोल फिरवून पाहिलं, आवाज ऐकला, फोन खाली ठेवला आणि तीन दिवस उघडला नाही. आपल्या लेखकाने या तीन दिवसांबद्दल लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. वहीत हिशेबाला काही उरलं नव्हतं. ज्याला गोडी सोडतीचीच होती त्याने ऑफलाइनच्या वाटेला जाऊ नये, हे मी मोकळेपणी सांगते.

चौथ्या दिवशी पुन्हा उघडला तो निव्वळ पैसे दिलेत म्हणून. पहिल्या अध्यायात संवाद सुरू झाले आणि माझा अंगठा आपोआप उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे 'स्किप'चं बटण असतं. चार वर्षांत मी गोष्टीचा एकही संवाद धड वाचला नव्हता, कारण स्टॅमिना, म्हणजे खेळताना खर्च होणारी आणि वेळेनुसार पुन्हा भरणारी शक्ती, भरून वाहत असायचा, मोहीम रात्री संपणार असायची, रोजची कामं राहिलेली असायची. त्या दिवशी कशाचीच घाई नव्हती. अंगठा मागे घेतला.

या गेममध्ये एक म्हातारा नावाडी आहे. सुरुवातीलाच फुकट मिळतो, दोन ताऱ्यांचा, लढाईत कुचकामी. मी पहिल्याच आठवड्यात त्याला इतरांची ताकद वाढवायला खर्ची घातला होता. तशी सोयच असते. आता पाचव्या अध्यायात कळलं की पलीकडे जाणाऱ्या कुणाकडूनच तो पैसे घेत नाही, कारण त्याच्या मुलाला त्यानेच पैशांसाठी नदीकाठी अडवून धरलं होतं आणि मागून सैन्य आलं. हे कुणीतरी बसून लिहिलं होतं, कुणीतरी त्या म्हाताऱ्याचा आवाज दिला होता, आणि मी त्याच्याकडे दोन तारे म्हणून पाहत होते. आता तो माझ्या चमूत आहे. हरतो. हरू दे.

म्हणजे ऑफलाइन सगळं छान, असंही नाही. जुनं खातं नेलं तर सुरुवातीचे शत्रू बोट लावताच आडवे होतात, कारण नवी पात्रं खपावीत म्हणून दर वर्षी ताकदीचे आकडे फुगवलेले. मी कोऱ्या खात्यावर पुन्हा सुरुवात केली, तीच करावी. सर्वांत हास्यास्पद म्हणजे अवजार बनवायला अजून सहा तास थांबावं लागतं. पूर्वी ते थांबणं आपण कंटाळून हिरे मोडावेत म्हणून होतं. आता हिऱ्यांचं दुकान उठलं, थांबणं तेवढं राहिलं. दुकान गेल्यावरही वजनकाटा तिथेच मांडून ठेवावा तसं.

सगळ्यांनी हे काम सारखं केलेलं नाही. कॅपकॉमने सप्टेंबर २०२३ मध्ये 'मेगा मॅन एक्स डाइव्ह ऑफलाइन' आणला, त्यात सोडत काढून टाकली आणि पात्रं खेळून मिळतील असं केलं. एकमेकांविरुद्ध खेळायचा भाग अर्थातच गेला. निन्टेन्डोने 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प' नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवला आणि डिसेंबरात एकरकमी पैशांची 'कम्प्लीट' आवृत्ती दिली. तिथे लढाया नाहीत, झाडाची फळं तोडायची आणि प्राण्यांना नेऊन द्यायची. असा खेळ नेटवाचूनही आनंदात जगतो, कारण मुळातच तो सोडतीवर उभा नव्हता. काही कंपन्या मात्र नुसता अल्बम देतात: चित्रं बघा, जुने प्रसंग बघा, खेळायचं काही नाही. 'किंगडम हार्ट्स युनियन क्रॉस'चं २०२१ मध्ये साधारण असंच झालं. आठवण म्हणून ठीक, पण त्याला खेळणं म्हणता येणार नाही.

तेव्हा आपल्या पुरवणीला विनंती, की अशा आवृत्तीबद्दल छापताना ती 'मेलेली' आहे की नाही याचा निवाडा करण्याआधी चार कामाच्या गोष्टी सांगाव्यात. पहिल्यांदा सुरू केल्यावर पुन्हा नेट लागतं का? जुनं खातं आणता येतं का, आणि कधीपर्यंत? (पॉकेट कॅम्पला ती मुदत जून २०२५ पर्यंत होती, माझी एक मैत्रीण चुकली आणि सात वर्षांची बाग गेली.) गोष्ट पूर्ण आहे की मध्येच तोडलेली? खेळलेलं सगळं एकाच फोनमध्ये राहतं की त्याची प्रत काढता येते? ऑफलाइन म्हणजे अमर, असा गैरसमज नको. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयफोनसाठी आयओएस ११ ही नवी प्रणाली आणली तेव्हा जुन्या, ३२ बिट पद्धतीने बनवलेले गेम एका अपडेटसरशी चालेनासे झाले, नेट असो वा नसो. मी म्हणून जुना फोन जपून ठेवलाय. त्यात सिम नाही, अपडेट बंद केलेत, बॅटरी थोडी फुगल्यासारखी वाटते, ती बदलून घ्यायची आहे.

भाचीला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "मावशी, मरू दे ना तो गेम." मी तिला नावाड्याचं सांगायला घेतलं तर म्हणाली, थांब, सांगू नकोस, मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. परवा तिने तो घेतलाय. माझे नऊ अध्याय झालेत, पाच बाकी आहेत.

आपली,
एक नियमित वाचक