हॅडिक्सचं नाव राहून गेलं

मा. संपादक यांस, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या बेसबॉलच्या डॉन लार्सनवर लेख आला, बॉल टाकणारा होता तो, तिकडं पिचर म्हणतात, लई आवडला. 8 ऑक्टोबर 1956, वर्ल्ड सिरीजची (म्हणजे तिकडच्या सीझनच्या फायनलची) मॅच, समोर ब्रुकलिन डॉजर्स, 27 बॅटर आले 27 आउट, एकजण पण बेसवर (रन काढताना पोचायचा टप्पा) पोचला नाही, तेही 97 बॉलमध्ये. त्याच वर्षी जुलैत क्रिकेटमधे इंग्लंडच्या जिम लेकरनं मँचेस्टरच्या एका टेस्टला 19 विकेट काढलेल्या, बॉल टाकणाऱ्यांचंच वर्ष होतं ते. पण लेख तिथंच थांबला, हार्वी हॅडिक्सचं नावच नाही, म्हणून लिहायला बसलो.

26 मे 1959, मिलवॉकी. हॅडिक्स पिट्सबर्गचा डावखुरा पिचर, त्या दिवशी सर्दीनं बेजार. तरी 9 इनिंग एकाला बेसवर जाऊ दिलं नाही, एरवी मॅच तिथंच संपायची, पण त्याच्या टीमला एक रन निघंना, समोरचा पिचर लू बर्डेट हिट (बॅटर बॉल मारून बेसवर पोचला की हिट) खात होता पण रन देत नव्हता. मग दहावी, अकरावी, बारावी. 36 बॅटर, 36 आउट! तेराव्या इनिंगला त्याच्याच टीमच्या, थर्ड बेसवरच्या डॉन होकचा थ्रो चुकला नि पहिला माणूस बेसवर गेला, मॅथ्यूजनं बंट करून (बॅट नुसती हळू लावून) त्याला पुढं सरकवलं, हँक आरनला मुद्दाम वॉक (न मारता फुकटचा पहिला बेस) दिला, आणि जो अ‍ॅडकॉकनं बॉल कुंपणापलीकडं घातला. त्यात पण गोंधळ बघा, आरनला कळलंच नाही बॉल बाहेर गेलाय, तो सेकंड बेस ओलांडून मधनंच वळला, अ‍ॅडकॉक त्याला मागं टाकून पळाला, म्हणून होम रन न धरता शेवटी 1-0 एवढाच स्कोअर लागला. बर्डेटनं 12 हिट दिले आणि जिंकला, हॅडिक्सनं एकच दिला आणि हरला. वर 1991 ला व्याख्या बदलून नो-हिटरच्या (एकपण हिट न दिलेल्या मॅचच्या) यादीतनं पण त्याला काढलं, हे मला आजपण पटत नाही.

आपल्या बापू नाडकर्णींचं बघा की. जानेवारी 1964, मद्रास, 32 ओव्हर, 27 मेडन, 5 रन, विकेट एक पण नाही. सलग 131 बॉल रन नाही. ते आकडे छापून आले म्हणून तर आज आपल्या तोंडपाठ आहेत ना?

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात आमच्या खानापूर भागात टेनिस बॉलची टूर्नामेंट झाली, फायनलला हरलेल्या टीमच्या एका पोरानं 2 ओव्हरमधे 4 रन देऊन 3 विकेट घेतल्या. पायात साधी चप्पल घालून आलेला, ती बाउंड्रीवर काढून अनवाणी टाकत होता, मी स्कोअरच्या वहीपाशीच बसलो होतो. दुसऱ्या दिवशी एका पेपरात बातमी आली, जिंकलेल्यांचे सिक्स, कप देणाऱ्या पाहुण्यांची सगळी नावं, आणि त्या पोराचा एक शब्द नाही. त्याच्या आईनं पेपर विकत आणलेला हो.

तर विनंती एवढीच, लोकल मॅचची बातमी छापताना दोन्ही टीमच्या बॉलरची नावं आणि आकडे द्या. दोन ओळींची जागा लागती. वही पाहिजे तर मी फोटो काढून पाठवतो, दर आयतवारी पाठवीन.

आपला,
एक जुना वाचक, खानापूर, जि. बेळगाव