विषय: ताकामात्सु किल्ल्याच्या भेटीत झालेली फसवणूक व परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग

महोदय,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या जपान सहलीत मी आणि माझी पत्नी होतो. हॉटेलं, जेवण, बस, कशाबद्दलच काही म्हणणं नाही. तक्रार शिकोकू बेटावरच्या ताकामात्सु किल्ल्याची आहे. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग करून झाले, आता जपानी जलदुर्ग बघू, म्हणून तर तुमचीच सहल निवडली होती.

तुमच्या माहितीपत्रकात या किल्ल्याच्या नावाखाली पांढऱ्याशुभ्र, उंच वास्तूचा फोटो आहे. तो हिमेजी या दुसऱ्याच किल्ल्याचा! ताकामात्सुचा मुख्य मनोरा १८८४ सालीच पाडला; आज उरलाय तो दगडी चौथरा. शिवाय 'खंदकात नौकाविहार, एकूण दोन तास' असं छापलंय. हिवाळ्यात होडी बंद असते, हे आम्हाला फाटकावर कळलं. दोन तासांची तर पस्तीस मिनिटं झाली. तुमचे टूर मॅनेजर म्हणाले, "मनोराच नाही, मग बघायचंय काय? चला, खरेदीला वेळ मिळेल."

बघायचं होतं ते सांगतो. इकोमा चिकामासा या सरदाराने १५८८ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या खंदकात थेट समुद्राचं पाणी खेळतं. तटाच्या दगडांवर भरतीची ओली रेघ दिसत होती, अगदी मालवणात दिसते तशी. हिने यंत्रात शंभर येनचं नाणं टाकून माशांचं खाद्य घेतलं. चार दाणे पडले न पडले तोच 'ताई' नावाचे मासे तोंडं वासून वर आले. तळ्यातले रंगीत कोई नव्हेत, चांगले खाऱ्या पाण्यातले! उरलेलं खाद्य हिच्या मुठीतच राहिलं, कारण तेवढ्यात बसची हाक आली. जहाजांवर नजर ठेवणारा त्सुकिमी बुरूज आम्ही बसच्या काचेतून पाहिला. १९१७ साली बांधलेल्या हिउनकाकु वाड्यातलं १४२ तातामींचं (जमिनीवर अंथरायच्या जपानी चटयांचं) दालन तर राहूनच गेलं.

मनोरा नाही ही तक्रार नाही. तो आहे असं तुम्ही दाखवलंत, आणि तो नाही म्हणून आम्हाला तिथून काढलंत, ही आहे.

नौकाविहारापोटी घेतलेले दोघांचे पैसे पंधरा दिवसांत परत करावेत आणि तो फोटो पत्रकातून काढावा. तसं न झाल्यास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाईन. माहितीपत्रक आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक प्रवासी