उत्क्रांतीचा धडा, धर्माचा पाठ आणि सीमाभागातील पालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत उत्क्रांती शिकवावी का, आणि शिकवायचीच असेल तर तिच्या जोडीला धर्मग्रंथांतील सृष्टीच्या उत्पत्तीची कथाही का सांगू नये, असा प्रश्न बेळगाव-खानापूर भागातील पालकसभांत अधूनमधून निघतो. तो विचारणारे बहुतेक जण सश्रद्ध आणि मनापासून बोलणारे असतात. त्यामुळे त्यांची टर उडवून हा विषय संपत नाही, आणि ज्या पुरोगामी मंडळींना तशी सवय आहे त्यांनी आजवर उत्क्रांतीचे फारसे भले केलेले नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असे प्रकरण होते. कोविडकाळात अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली त्यातील उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला आणि साथ ओसरल्यावरही तो परत आला नाही. प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ असे उरले. एप्रिल 2023 मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून याचा निषेध केला. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असे उत्तर त्यावर देण्यात आले. हे उत्तर कागदावर बरोबर असले तरी फसवे आहे, कारण दहावीनंतर वाणिज्य, कला, आयटीआय किंवा डिप्लोमाकडे वळणाऱ्या मुलाची जीवशास्त्राशी पुन्हा गाठ पडत नाही. दहावीतून धडा काढणे म्हणजे देशातील बहुसंख्य नागरिकांच्या आयुष्यातून तो काढणे होय. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला ही विसंगती अधिक जवळून दिसते: शिनोळीच्या पलीकडे चंदगड तालुक्यात बालभारतीचे दहावीचे पुस्तक वाचणारी मुलगी डार्विन, अवशेषांगे (शरीरात उरलेले, आता उपयोग नसलेले अवयव) आणि जोडणारे दुवे (दोन प्राणिगटांची लक्षणे असलेले जीव) शिकते, आणि एनसीईआरटीची पुस्तके वापरणाऱ्या बेळगावच्या केंद्रीय विद्यालयात जाणाऱ्या तिच्या मामेभावाच्या पुस्तकात त्यांतले काहीच नसते.

आक्षेपांपैकी सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला आहे. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत याच अर्थाचे विधान केले, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढले होते. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज फार मागे एक होते, एवढेच ते म्हणते. आणि ‘कोणी पाहिले’ याचेच उत्तर हवे असेल तर ते बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या कापूस उत्पादकाला विचारावे. झाडातच अळीनाशक विष तयार होणाऱ्या बीटी कापसाने गुलाबी बोंडअळी सुरुवातीला मरत होती. परंतु लाखो अळ्यांत एखाददुसरी अशी असते की तिच्या जन्मजात वेगळेपणामुळे ते विष तिला बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, तिचीच पिल्ले पुढच्या हंगामात बोंडे पोखरतात, आणि काही वर्षांत शेतातील बहुतेक अळ्या तिच्या वंशातल्या होतात. एकही अळी स्वतः बदललेली नसते, बदललेला असतो तो अळ्यांचा समुदाय. नैसर्गिक निवडीचा सारा सिद्धांत एवढ्यात आला. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडू नका असे दवाखान्यात बजावतात, त्यामागेही हेच कारण आहे.

हा विषय शिकवायला आपल्या परिसरात जी साधने आहेत, ती पाहता आपल्या शाळांनी त्यात मागे राहण्याचे काही कारण नाही. गोकाकजवळ नदीच्या गाळात सापडलेल्या गेंड्याच्या जीवाश्मावरून भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1874 मध्ये एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला दख्खनचे नाव दिले. गोकाकचा धबधबा पाहायला सहल जाते, पण ज्या मुलखात आज गेंडा औषधालाही सापडणार नाही तिथे एके काळी तो चरत होता, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. आंबोलीच्या जांभ्या सड्यांवरचा एक भेक (खरबरीत कातडीचा बेडूक) 2009 मध्ये नवी जाती म्हणून नोंदला गेला. त्याच प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील) दुसरी जाती कोयनेच्या परिसरात राहते, आणि एकाच पूर्वजाची संतती दूर पडली की कशी वेगळी होत जाते, हे या दोन नातलगांवरून सहज समजावता येते. माणसाने केलेल्या निवडीचे उदाहरण हवे असेल तर शेजारचे मुधोळ आहे, जिथल्या घोरपडे राजांनी शिकारी कुत्र्यांच्या पैदाशीकडे जातीने लक्ष पुरवले. कबुतरांच्या पैदाशीवरून डार्विनने जे मांडले, ते मुधोळच्या कुत्र्यावरून मराठी मुलाला अधिक लवकर कळेल.

‘दोन्ही बाजू सांगा, मुले ठरवतील’ हा युक्तिवाद ऐकायला न्यायाचा वाटतो. अमेरिकेत तो पुरेपूर वापरून झाला आहे. 1925 मध्ये टेनेसीतील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. अशी बंदी 1968 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. मग उत्क्रांती शिकवाल तर ‘निर्मितीविज्ञान’ही (सृष्टी देवाने निर्मिली हा विचार विज्ञान म्हणून) शिकवा, असा कायदा लुइझियानाने केला, तोही 1987 मध्ये रद्द झाला. त्यानंतर नाव बदलून हाच विचार पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळामंडळाने आणला. पालक न्यायालयात गेले, 2005 मध्ये हे विज्ञान नसून धर्मविचारच आहे असा निकाल लागला, आणि मंडळाला पालकांच्या खटल्याच्या खर्चापोटी दहा लाख डॉलर मोजावे लागले. विज्ञानाच्या तासाला बाजू मांडायची तर ती पुराव्यानिशी, चूक ठरण्याची तयारी ठेवून मांडावी लागते, आणि श्रद्धेकडून अशी अपेक्षा करणे हा श्रद्धेवरही अन्याय आहे.

शिवाय, दुसरी बाजू कोणाची? बेळगावच्या एखाद्या सरकारी शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणा: वारकरी घरातील मुलगा, लिंगायत मुलगी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती. जैन दर्शनात विश्व अनादि आहे आणि त्याला कोणी निर्माता नाही. बायबलात सहा दिवसांची कथा आहे. ऋग्वेदातील नासदीय सूक्त तर सृष्टी कशी झाली हे वर बसलेल्या अध्यक्षालाही ठाऊक असेल किंवा नसेल, असे म्हणून थांबते. माझ्या मते ते या साऱ्यांत सर्वांत प्रामाणिक आहे. यांपैकी कोणती कथा फळ्यावर लिहायची, हे मुख्याध्यापकांनी ठरवायचे की मतदान घ्यायचे?

आपल्याकडे आणखी एक मध्यममार्ग सुचवला जातो, तो म्हणजे मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात उत्क्रांतीच सांगितली आहे, हा. यामुळे दोन्ही पक्ष खूश होतात, पण दशावतारांचे मोल कमी होते. धर्मसंस्थापनेसाठी युगायुगांत घेतलेल्या अवतारांची कथा प्राणिशास्त्राचा आगाऊ मसुदा म्हणून वाचायची, तर उद्या जीवाश्मशास्त्राने एखादा क्रम बदलल्यावर पुराणही दुरुस्त करणार का? दोडामार्गाकडे रात्रभर बसून दशावतारी पाहणाऱ्याला नरसिंहाचे दर्शन घ्यायला असल्या पुष्टीची कधी गरज पडली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपलीकडची गोष्ट असल्याचे मान्य केले, त्याने चर्चमधील प्रार्थना थांबली नाही.

याचा अर्थ धर्म शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावा, असा नाही. राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास राज्यघटनेचा अनुच्छेद 28 मनाई करतो. पण धर्मांविषयी माहिती देणे आणि धर्माचे शिक्षण देणे यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले आहे. ज्ञानेश्वर, बसवेश्वर, महावीर, कबीर यांच्याविषयी काहीच न शिकता दहावी होणारा मुलगा या मुलखाचा इतिहास समजू शकणार नाही. तेव्हा इतिहास आणि भाषेच्या तासाला सर्वच परंपरा भरपूर शिकवाव्यात. हरकत आहे ती एका धर्माचा ग्रंथ सर्वांना नैतिक शिक्षण म्हणून देण्याला. 2022 मध्ये गुजरातने सहावी ते बारावीसाठी भगवद्गीतेची घोषणा केली आणि कर्नाटकाच्या तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनीही तसा मनोदय बोलून दाखवला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आनंद झाला. गीता आपलीच, मग बिघडले कुठे, असा तो सूर होता.

इथे सीमाभागातील मराठी माणसाने थोडे थांबून विचार करायला हवा. 1956 पासून आपण मराठी शाळा, मराठी पुस्तके आणि मराठी परिपत्रके मागतो आहोत ती कशाच्या बळावर? अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा आणि आपल्या शाळा चालवण्याचा हक्क देणारे अनुच्छेद 29 आणि 30, तसेच मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद करणारा 350 क, यांच्या बळावर. घटनेत 28 पाठोपाठच 29 आणि 30 येतात. या सर्व तरतुदींचा गाभा हाच की, जे बहुसंख्यांना प्रिय आहे ते सरकारी शाळेने अल्पसंख्याकांच्या मुलांवर लादू नये. धर्माच्या बाबतीत आपण बहुसंख्य असल्याचे पाहून हे तत्त्व सोडून दिले, तर भाषेच्या बाबतीत तेच तत्त्व पुढे करताना आपले कोण ऐकणार आहे? बहुसंख्यांची संस्कृती सर्वांची, हे वाक्य बेळगावात आपण पुष्कळ वेळा दुसऱ्या भाषेत ऐकले आहे.

म्हणून माझी सूचना पालकांना आहे, सरकारला नंतर. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) पुढच्या बैठकीत गणवेश आणि मध्यान्ह आहाराबरोबर एवढे विचारावे की दहावी होईपर्यंत आमच्या मुलांना उत्क्रांती कोणत्या इयत्तेत आणि किती तासिका शिकवली जाते, आणि पुस्तकात धडा नसेल तर शिक्षक तो पूरक म्हणून घेतील का. महाराष्ट्रातील दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण या विषयावर आहे, सोप्या मराठीत आहे आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ते छापून वर्गात वाटायला कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज पडू नये.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक
खानापूर, जि. बेळगाव