‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेल्या डेझर्ट चहात साखरेचे तुकडे, ज्येष्ठमध आणि केशराच्या नावाखाली करडई

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी पुण्यातून लिहितेय. २०२१ पासून तुमचा सहा फ्लेवरचा डेझर्ट ब्लॅक टी बॉक्स, म्हणजे गोड पदार्थांच्या वासाचा काळा चहा, मागवतेय, वर्षाला चार-पाच तरी होतात. ऑर्डर नंबर ईमेलच्या विषयात टाकलाय, बिल आणि फोटो सोबत आहेत. मागच्या आठवड्यात तुमच्या चॅटवर तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं की चव ही ज्याची त्याची आवड असते, थोडं दूध-साखर घालून ट्राय करा. म्हणून आता सगळं नीट लिहितेय आणि प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण चव आवडली नाही एवढीच माझी तक्रार नाहीये.

आधी हा चहा आमच्या घरी का येतो ते सांगते. माझ्या बाबांना २०१९ मध्ये डायबेटिस निघाला. त्याआधी जेवण झालं की काहीतरी गोड तोंडात टाकल्याशिवाय ते पानावरून उठायचे नाहीत, बासुंदी, खरवस, शिळ्या पोळीचा गुळाचा लाडू, काहीही चालायचं. ते सगळं एका दिवसात बंद झालं. त्यांनी चिडचिड केली नाही, पथ्य अगदी मनापासून पाळलं, पण दुपारी जेवण झालं की फ्रीज उघडून नुसते उभे राहायचे आणि परत बंद करायचे, ते बघवायचं नाही हो. मग मला कोणीतरी तुमचा बॉक्स गिफ्ट दिला. त्यातला कॅरॅमलवाला केला, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, कप बाबांच्या हातात दिला, त्यांनी आधी नुसता वास घेतला, मग घोट घेतला आणि म्हणाले, "यात साखर नाही म्हणतेस? तळाला जरा लागलेल्या बासुंदीसारखा वास येतोय की." त्या दिवसापासून दुपारचा तो कप ठरलेला.

या चहाची सगळी गंमत मला तरी इथेच वाटते. जिभेवर गोड काही नसतं, चहा आपला चहाच असतो, थोडा तुरट, थोडा कडवट, पण व्हॅनिला किंवा कॅरॅमलचा वास आपण जन्मभर गोड पदार्थांसोबतच घेतलेला असतो त्यामुळे नाकाला वास आला की डोक्याला गोडच वाटतं. ज्याला साखर चालत नाही त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तुम्ही नेमकं तेच बिघडवलंय, आणि न सांगता.

या वेळचा बॉक्स उघडला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं. आधी उघडला की हलका वास यायचा आणि खरा सुगंध कपात खुलायचा, या वेळी उलटं, बॉक्स उघडल्या उघडल्या वास अंगावर आला आणि कपात काही उरलंच नाही. बाबा दोन घोट घेऊन म्हणाले, "आज काय वेगळा आणलास का?" म्हणून मग मी ठरवलं की नीट बघायचंच. जुन्या बॉक्समधल्या कॅरॅमल आणि चॉकलेटच्या डब्यांत थोडी पत्ती उरलेली होती ती बाजूला काढली, किचनच्या वजनकाट्यावर २ ग्रॅम पत्ती, २०० मिली पाणी, पाणी पूर्ण उकळलेलं, वर झाकण, टायमर लावून ३ मिनिटं, सगळ्यांना एकच माप. एका दिवशी दोनच फ्लेवर केले कारण त्याच्यापुढे तोंडाला काही कळत नाही. जुनी पत्ती सहा महिन्यांची आहे, तिचा वास थोडा उडाला असणार, हे धरूनसुद्धा फरक जमीन-अस्मानाचा आहे.

कॅरॅमलचं सगळ्यात वाईट वाटलं म्हणून तेच आधी लिहिते. जुन्या डबीत लांब, पिळदार, काळी पानं आणि मध्ये मध्ये व्हॅनिलाच्या शेंगेचे बारीक तुकडे, बस. नवीन पाकीट बशीत ओतलं तर त्यात पिवळट-तपकिरी चौकोनी तुकडे. मला वाटलं सुकं फळ वगैरे असेल, एक तोंडात टाकला तर चक्क टॉफी. मग चिमट्याने सगळे वेचले आणि वजन केलं, १५ ग्रॅमच्या पाकिटात २.२ ग्रॅम नुसते टॉफीचे तुकडे. पाकिटाच्या मागे एकदम बारीक अक्षरात लिहिलंय, कॅरॅमल तुकडे, कंसात साखर, ग्लुकोज सिरप, कंडेन्स्ड मिल्क. आणि बाहेरच्या बॉक्सवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय, तर ‘नो ॲडेड शुगर’. तुमच्या वेबसाइटवर आजही जुनीच यादी आहे, काळा चहा, व्हॅनिला, फ्लेवर. मी ती यादी बघून ऑर्डर केली होती, हे लक्षात घ्या.

एका कपात किती साखर जाते ते मला कळतं, अर्ध्या ग्रॅमच्याही आत असेल, बाबांना त्याने लगेच काही झालंय असं मी म्हणत नाहीये. पण एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे जे जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की साखर घातलेली नाही असं लिहायचं असेल तर साखर तर नकोच, साखर असलेला दुसरा घटकही घातलेला नको. कमी घातली म्हणून चालतं असं नाही. आणि माणूस त्या ओळीवर विश्वास ठेवून पितो, बाबा दिवसाचा हिशोब ठेवतात, अर्धी पोळी जास्त झाली तर संध्याकाळी भात सोडतात, त्या माणसाला तुम्ही न सांगता टॉफी पाजताय. शिवाय दूध. काळ्या चहात दूध असेल असं कोणाच्या मनात तरी येईल का? दुधाची ॲलर्जी असलेल्या एखाद्या मुलाने हा चहा प्यायला तर काय होईल याचा विचार करा. दूध हे ॲलर्जीच्या घटकांमध्ये वेगळं लिहावंच लागतं, ते तुम्ही आतल्या पाकिटाच्या शिवणीपाशी छापलंय, बॉक्सवर नाही.

आणि चहा म्हणूनही तो बिघडलाय. तुकडे विरघळले की कप गढूळ होतो, वर तेलकट तवंग येतो, आणि ती बासुंदीची खमंग बाजू जाऊन नुसता पेपरमिंटच्या बरणीत येतो तसला गोडसर वास राहतो.

चॉकलेट. जुन्यात कोको निब्ज होते, म्हणजे कोकोच्या बियांचे भाजलेले तुकडे, त्याचा कडवटपणा हळूहळू उतरायचा, कपावर बारीक स्निग्धतेचे डोळे दिसायचे, ते कोकोचं स्वतःचं बटर असतं, त्याला माझी कधीच हरकत नव्हती. आता निब्ज मोजून सात-आठ, बाकी सगळी कोकोची टरफलं. पण खरी तक्रार वेगळीच आहे. घोट गिळल्यावर घशात एक गोडी मागे राहते आणि ती जातच नाही, पाणी प्यायलं तरी जात नाही. मला ती चव लगेच ओळखू आली, लहानपणी खोकला झाला की आजी ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची, तीच ही. पाकीट उलटून बघितलं तर आहेच, ज्येष्ठमध मूळ, यादीत तिसऱ्या नंबरवर. व्हॅनिला कस्टर्डमध्येही आहे.

ज्येष्ठमध वाईट नाही, आमच्या घरात काढ्याला वापरतोच. पण ते रोज रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं, बाबांना बीपीची गोळी चालू आहे, त्यात लघवी जास्त होणारं औषध आहे, आणि त्यांच्या डॉक्टरांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नका असं आधीच बजावून ठेवलंय. वेबसाइटवर हा शब्दच नाही. साखरेशिवाय गोड वाटावं म्हणून तुम्ही ते घातलं असणार, पण जे लोक साखर टाळतात त्यांच्यापैकी कितीतरी जणांना बीपीसुद्धा असतं हे तुमच्याकडे कोणाच्या लक्षात आलं नाही का? निदान पुढच्या बाजूला लिहा की यात ज्येष्ठमध आहे, ज्याला नको तो घेणार नाही.

व्हॅनिला कस्टर्डमध्ये पानंच बदललीत. आधी बॉक्सवर नीलगिरीची ऑर्थोडॉक्स पानं, म्हणजे चुरा न करता पिळून वाळवलेली, असं लिहिलेलं असायचं, नीलगिरीचा चहा मुळात सुवासिक, फार तुरट नाही, बिनदुधाचा प्यायला एकदम मऊ, त्यावर व्हॅनिला छान बसायचं. आता तिथे नुसतं ‘इंडियन ब्लॅक टी’ आणि आत बारीक चुरा. चुरा असला की पाण्यात भराभर सगळं उतरतं, रंग लगेच येतो पण तुरटपणाही लगेच येतो. ३ मिनिटांत जीभ ओढल्यासारखी झाली, दीड मिनिटात काढला तर व्हॅनिलाच लागेना. सकाळी आमच्याकडे सीटीसीचाच, म्हणजे नेहमीच्या दाणेदार पत्तीचाच चहा होतो, आलं घालून, दूध घालून, उकळून, त्याला तसाच कडक दाणा लागतो. पण तुम्ही स्वतःच पाकिटावर लिहिता की दुधाशिवाय प्या, आणि मग तुमचाच माणूस चॅटवर मला दूध-साखर घाला म्हणून सांगतो. ज्या घरात साखर चालत नाही म्हणून हा चहा येतो तिथे हा सल्ला देताना त्याने माझा मेसेज तरी वाचला होता का? मी पहिल्याच ओळीत डायबेटिस लिहिलं होतं.

आता केशर रबडी. पाकिटावर केशराच्या काड्यांचं मोठं चित्र, नाव केशर, आत केशरी-लाल धागे भरपूर, बघून कोणालाही वाटेल वा. माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीकडचं आहे. मामाच्या ज्वारीच्या शेताला कडेने करडई असायची, काटे असतात म्हणून गुरं आत शिरत नाहीत, सुट्टीत गेलो की त्या फुलांनी हात ओरबाडून यायचे. ती पाकळी मी झोपेतही ओळखेन. तरी खात्री केली. एका वाटीत कोमट पाणी घेऊन तुमचे धागे टाकले, दुसऱ्या वाटीत घरातलं केशर, दिवाळीला आणलेलं. केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद असते, रंग सावकाश सुटतो, पाणी पिवळं होतं आणि काडी बराच वेळ लालच राहते. तुमच्या धाग्यांना टोकाला बारीक बारीक फाटे, रंग भराभर सुटला आणि वास शून्य. मागे यादीत केशर हा शब्द नाहीच, ‘फुलांच्या पाकळ्या’ लिहिलंय. करडईच्या पाकळ्या चहात घालतात, दिसायला सुंदर दिसतात, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही, मग सरळ करडई लिहा ना. सोलापूरकडच्या शेतकऱ्याच्या पिकाचं नाव छापायला लाज कसली? पण केशराचं चित्र लावून, केशराचे पैसे घेऊन करडई देऊ नका.

ॲपल सिनॅमन चांगला आहे, खरं सांगते, सुक्या सफरचंदाच्या फोडी, दालचिनी, सगळं जागेवर. तिरामिसूतही फरक जाणवला नाही. फक्त आधी प्रत्येक फ्लेवर पत्र्याच्या छोट्या डबीत यायचा आणि आता कागदी पाकिटात येतो, त्यामुळे दालचिनीचा वास बाकी पाचही फ्लेवरना लागलाय. चहाची पत्ती बाजूच्या वस्तूचा वास ओढून घेते, म्हणूनच तर फ्लेवर चढवता येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. डब्या परत आणा, त्यासाठी पन्नास रुपये जास्त घेतलेत तरी मी देईन.

मला काय हवंय ते सांगते. या बॉक्सचे पूर्ण पैसे परत हवेत, कारण जी यादी दाखवून विकला ती वस्तू ही नाही. वेबसाइटवरची यादी आजच्या आज बदला, त्यात कॅरॅमलमधली साखर, दूध, ज्येष्ठमध आणि करडई स्पष्ट येऊ द्या, आणि ‘नो ॲडेड शुगर’ काढा, या काही महिन्यांत ज्यांनी बॉक्स घेतलाय त्या सगळ्यांना मेल करा, माझ्यासारखे घरच्या पेशंटसाठी घेणारे नक्की असणार. आणि जुना ब्लेंड परत करता आला तर फार बरं होईल, निदान कॅरॅमलचा तरी. बंद का केला तेही सांगा, व्हॅनिलाची शेंग महाग पडत असेल तर तसं लिहा, मी समजू शकते, पण न सांगता बदलू नका.

ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे जे ग्राहक संरक्षण नियम आहेत त्यांच्याप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. तोपर्यंत मी थांबते. नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला आणि लेबलबद्दल एफएसएसएआयकडे तक्रार टाकणार आहे, फोटो आणि वजनाचे व्हिडिओ तयार आहेत. मला तसं करायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं कारण चार वर्षं तुमच्या चहाने आमच्या घरची दुपार छान गेली आहे, मी स्वतः किमान दहा जणांना हा बॉक्स घ्यायला लावलाय, आणि आता त्या प्रत्येकाला फोन करून सांगावं लागतंय की घरात डायबेटिस किंवा बीपीचं कोणी असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा.

वेचलेले कॅरॅमलचे तुकडे आणि करडईच्या पाकळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्यात, उरलेली पाकिटंही तशीच आहेत. तपासायला हवी असतील तर कुरिअरवाला पाठवा, दुपारी ४ नंतर मी घरी असते.

तुमची जुनी ग्राहक,
पुणे